रबरी मास्क आठ महिने लावून (एका ईएनटीवाल्याचा अनुभव)

२०२० ला कोविड आला तेव्हा आम्ही ईएनटीवाले, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, अगदी समोर, कारण आमचं कामच लोकांच्या नाकातोंडात डोकवायचं, पेशंट शिंकला की थेट आपल्यावर. सुरुवातीला एन९५ च पुन्हा पुन्हा वापरले, इलास्टिक सैल होईपर्यंत. मग इलास्टोमेरिक हाफ मास्क घेतला, तो रबरी, दोन्ही गालांवर गोल फिल्टरवाला, स्प्रे पेंटिंगवाले लावतात तसा. आठ महिने झाले, आता लिहितो.

एन९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो, रबरी मास्कला लागणारा पी१०० फिल्टर ९९.९७ टक्के, हे आकडे मला पाठ. पण फिट टेस्टला (डोक्यावर हुड घालून सॅकरिनचा फवारा मारतात, गोड लागलं की नापास) माझा रोजचा एन९५ आपटला. चांगलंच गोड लागलं की राव! म्हणजे इतके दिवस कडेने हवा आत येतच होती. रबरीवाला पहिल्याच वेळी पास, अर्थात दाढी उडवल्यावर. दाढीवर सील बसत नाही हे ज्युनियर लोकांना सांगून सांगून थकलो.

फेसपीस (मास्कचा रबरी भाग) पुसून परत लावता येतो, फिल्टर मात्र भिजवायचे नाहीत. आमच्या एका उत्साही मित्राने एन९५ वर सॅनिटायझर मारलं होतं, अरे त्या कापडातला स्टॅटिक चार्जच बारीक कण धरतो आणि तोच अल्कोहोलने जातो!

खरा वैताग बोलण्याचा. ऑपरेशन थिएटरात सात नंबरची ट्रेकिओस्टॉमी ट्यूब (श्वासासाठी गळ्यातून श्वासनलिकेत घालतात ती) मागितली तर आठची हातात आली, सात काय नि आठ काय, मास्कमधून सगळं सारखंच, शेवटी बोटं दाखवायला लागलो. ओपीडीत तर त्याहून मजा, आमचे कितीतरी पेशंट आधीच कमी ऐकणारे, ओठ बघून समजून घेणारे, आणि ओठ रबराच्या आड. एका आजोबांशी पूर्ण वेळ पाटीवर लिहून बोललो, शेवटी त्यांनीही पाटी घेतली आणि उत्तर लिहून दिलं, म्हटलं आजोबा तुम्ही तर बोला!

कानाच्या ऑपरेशनला गॉगल लावला की डोळा मायक्रोस्कोपपासून लांब राहतो आणि दिसणारा गोल बारीक होतो, तो दोष मास्कचा नाही. उलट एन९५ च्या नाकाकडून वाफ येऊन गॉगल धुरकटायचा ते बंद झालं. फक्त रबरी मास्कच्या श्वास सोडायच्या व्हॉल्व्हमधून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, म्हणून मी वर साधा सर्जिकल मास्क लावतो, ध्यान दिसतं ते दिसतं.

घेताना साइज बघून घ्या, माझा आधी मोठा आला होता, नाकाच्या हाडावर हलायचा.