होडीतून गरवण्यासाठी घेतलेला स्पिनिंग रॉड आणि रीळ: एका हंगामाचा अनुभव

मालवणजवळच्या देवबागला माझ्या मावसभावाची फायबरची लहान होडी आहे, आणि कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या आतल्या बाजूला नांगर टाकून आम्ही घरची मंडळी सुटीच्या संध्याकाळी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसतो. त्यासाठी ऑक्टोबरात सात फुटी रॉड आणि ४००० आकाराचे स्पिनिंग रीळ घेतले होते. मे अखेरपर्यंत ते खाऱ्या पाण्यात वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मधल्या किमतीच्या बहुतेक रिळांची रचना सारखीच असते आणि ती बिघडतातही साधारण त्याच जागी.

लांब फेकीसाठी नऊ-दहा फुटी रॉड घ्या, असा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. किनाऱ्यावर उभे राहणाऱ्याला तो योग्य असेल, पण ज्या होडीत पाच-सहा माणसे आणि त्यांत दोन मुले बसलेली असतात, तिथे मागे नेलेला गळ कोणाच्या तरी डोक्यावरून जाणारच. शिवाय नांगरलेल्या होडीतून फेकायचे काहीच नसते. कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा लावून शिसे तळाला सोडले की पुढचे काम पाण्याची ओढ करते. सात फूट लांबी इथे पुरेशी ठरली, आणि माझे मत विचाराल तर साडेसहा फूट अधिक बरी.

रॉडची खरी मर्यादा शिशाच्या वजनात आहे. माझ्या रॉडला ६० ग्रॅमपर्यंतचे वजन पेलते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात संगमाजवळ एवढे शिसे तळाला ठरत नाही. तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळमानाने कळते, हा कोकणातला जुना हिशेब इथे कामाला येतो. अष्टमी-नवमीला भरती सहा-पावणेसातला पूर्ण होते आणि भांगाचे पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असल्याने ओढही बेताची असते, म्हणून मुलांना घेऊन जायचे ते आम्ही याच तिथींना ठरवतो.

पैसे वसूल झाले ते मात्र रिळाच्या ड्रॅगमुळे, म्हणजे मासा ओढू लागला की किती ताणावर दोर सुटू द्यायचा हे ठरवणाऱ्या ब्रेकमुळे. तांबोशी मासळी गळ गिळते आणि त्याच झपाट्यात खडकाकडे किंवा खारफुटीच्या मुळांकडे धाव घेते. ड्रॅग सैल असेल तर दोर खडकावर घासून तुटतो आणि फार आवळलेला असेल तर गळाची गाठ सुटते. मी २० पौंडी, म्हणजे सुमारे नऊ किलो ताण सोसणारा वेणीचा दोर वापरतो, आणि लटकत्या वजनकाट्याला दोर बांधून ड्रॅग सव्वादोन किलोवर लावून घेतो. या बेताने मुलीलाही मोठा मासा दमवून वर आणता आला. शिंगाळा आला तर मात्र तो मोठ्यांनीच सोडवावा, कारण त्याचा काटा विषारी असतो. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून दवाखान्यात जावे.

खाऱ्या पाण्याचा पहिला घाव दोर ज्यावरून वळतो त्या लहान रोलरच्या बेअरिंगवर पडला. डिसेंबरातच ते खरखरू लागले आणि मार्चमध्ये बदलावे लागले. मुख्य गिअर आणि हँडल अजून गुळगुळीत आहेत. घरी आल्यावर आधी ड्रॅग घट्ट करावा, म्हणजे पाणी आतल्या चकत्यांत शिरत नाही, मग गोड्या पाण्याचा हलका फवारा मारून रीळ पुसावे आणि कोरडे झाल्यावर ड्रॅग पुन्हा सैल सोडावा. रीळ बादलीत बुडवू नये आणि नळाची जोरदार धारही मारू नये. दोन्ही प्रकारांत मीठ धुऊन जाण्याऐवजी आत ढकलले जाते. रॉडच्या कड्यांपैकी टोकाच्या कडीला थोडा गंज आला आहे, बाकी कड्या ठीक आहेत.

वेणीचा दोर ताणला जात नसल्याने माशाचा हलका टोचाही हाताला कळतो, पण त्याला धार फार. ताणलेला दोर बोटांत धरू देऊ नये, हे मुलांना आधीच बजावावे लागते. अंधार पडल्यावर गुंता झाला तर तो डोक्याच्या दिव्याच्या उजेडातही सुटत नाही आणि सरळ कापावा लागतो. केंड, म्हणजे धारदार दातांचे फुगणारे मासे, आले की तर गळाजवळचा महागडा पुढचा दोर क्षणात कुरतडला जातो. वडील अजूनही लाकडी रिळावर गुंडाळलेली नायलॉनची हातदोरी वापरतात, आणि केंडांच्या दिवशी तीच परवडते, हे मान्य करावे लागेल.

एकट्याने किनाऱ्यावरून गरवणाऱ्याने हा संच घेऊ नये. होडीत कुटुंबासह बसणाऱ्याने जरूर घ्यावा, मात्र रोलरचे एक जादा बेअरिंग त्याच वेळी मागवून ठेवावे. मला ते इथे मिळाले नाही आणि टपालाने यायला तीन आठवडे लागले.