जळगावची ऑफसेट छपाई: मशीन पक्कं, कोटेशन कच्चं

जळगावातला हा मध्यम आकाराचा ऑफसेट प्रेस. नाव देत नाही, कारण जे चांगलं-वाईट इथे दिसतं ते खान्देशातल्या बहुतेक मध्यम प्रेसमध्ये थोड्याफार फरकाने दिसेल. अर्ध्या शीटचं चार रंगी मशीन, एक सिंगल कलर मिनी ऑफसेट, स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल, कटिंग, थर्मल लॅमिनेशन आणि पिनिंग एका छताखाली आहे. प्लेट मात्र बाहेरच्या सीटीपीवरून (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणाऱ्या मशीनवरून) येते. परीक्षणासाठी कामं घेतली ती केळी विक्रीचं माहितीपत्रक, तीन प्रतींचं बिलबुक आणि लग्नपत्रिका. इथल्या प्रेसचं पोट बहुतांशी याच गोष्टींवर चालतं.

छपाईपुरतं बोलायचं तर काम उत्तम. माहितीपत्रकाची न कापलेली शीट मागून घेऊन भिंगाखाली धरली तर चारही रंगांच्या रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे रंग एकमेकांवर जुळवायच्या, फुल्या एकमेकींवर नेमक्या बसलेल्या दिसतात. पहिल्या आणि शेवटच्या गठ्ठ्यातल्या शीटमध्ये रंगाचा फरक जवळपास नाही, म्हणजे ऑपरेटर शाई-पाण्याचा तोल धरून होता. १७५ एलपीआयचा स्क्रीन, म्हणजे इंचाला १७५ ओळींची ठिपक्यांची जाळी, आर्ट पेपरवर स्वच्छ उमटलाय. पिकलेल्या केळीचा पिवळाही पिवळाच राहिलाय, आणि हे वाटतं तितकं सोपं नाही. त्या पिवळ्यात निळसर सायन चार-पाच टक्के जरी जास्त गेला तरी पिकलेला घड कच्चा दिसायला लागतो. फोटोतल्या केळीवर सायन किती आहे हे फाइल देण्याआधीच बघायचं. मशीनवर सायन ओढून कमी करायला गेलं की शेजारच्या पानांचा हिरवा मरतो.

गाडी अडते ती कोटेशनवर. कागदावर लिहून मिळालं ते एवढंच: "ए-४, ८ पेज, १३० आर्ट, फोर कलर, १००० नग." यात कापल्यानंतरचा आकार नाही, कव्हर वेगळ्या कागदाचं की आतलंच ते नाही, लॅमिनेशन नाही, प्लेट किती ते नाही, रंगीत प्रूफ दाखवणार की नाही तेही नाही. यातली प्रत्येक गाळलेली गोष्ट पुढे पैशात किंवा इंचात वसूल होते.

इंचाचंच घ्या. ए-४ म्हणजे २१० × २९७ मिमी, उंची ११.६९ इंच. बाजारात आर्ट पेपर सर्रास २३ × ३६ इंचांत मिळतो. त्याचा अर्धा १८ × २३. ए-४ ची दोन पानं उंचीत लावली की २३.३८ इंच लागतात, म्हणजे ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई) धरायच्या आधीच कागद संपला. मग प्रेसवाला गुपचूप उंची ११ इंचावर आणतो आणि डिझाइनमधला खालचा पत्ता कडेला चिकटतो. खरा ए-४ हवा असेल तर २५ × ३६ चा कागद मागायचा. त्याच्या अर्ध्यात, म्हणजे १८ × २५ मध्ये, चार पानं बसतात आणि चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड व ग्रिपरसाठी (मशीन कागद पकडतं त्या चिमट्यांसाठी) १० मिमी जागाही उरते. या प्रेसने विचारल्यावर २५ × ३६ आणून दिला. विचारलं नसतं तर दिला नसता. ८ पृष्ठांच्या एका प्रतीला एक अर्धी शीट लागते, एका बाजूला चार पृष्ठं आणि पाठीला चार. १००० प्रतींना ५०० पूर्ण शीट, म्हणजे बरोबर एक रिम, आणि रंग जुळेपर्यंत वाया जाणाऱ्या शंभर-दीडशे अर्ध्या शीट वर. प्लेट आठ, दोन्ही बाजूंच्या चार-चार रंगांच्या. कोटेशनमध्ये चार लिहिल्या असतील तर कुठेतरी घोळ आहे.

कागद सांगितलेल्या जाडीचा आहे का, हे बोटांनी चाचपून कळत नाही. रिमचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: लांबी गुणिले रुंदी इंचात, गुणिले जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), भागिले ३१००. २५ × ३६ च्या १३० जीएसएमचा रिम ३७.७ किलो भरतो. रिम बघायला मिळाला नाही तर तयार प्रत तोला. आतून-बाहेरून १३० असलेलं ८ पृष्ठांचं ए-४ पुस्तक सव्वाबत्तीस ते साडेबत्तीस ग्रॅम भरायला हवं. साधारण पावणेएकोणतीस भरलं तर ११५ चा कागद लागलाय. जळगावात सराफाचा काटा शोधायला लांब जावं लागत नाही! इथे प्रत बरोबर भरली.

फाइलच्या बाबतीत डीटीपी टेबल अजून श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर), पेजमेकर आणि कोरल ड्रॉवर चालतं. पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळत नाही, म्हणून युनिकोडमधला मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि तिथे "ऱ्या"चा हमखास बळी पडतो. पत्रिकेत "वऱ्हाडी"चं "वर्हाडी" झालं, "दुसऱ्या"चं "दुसर्या". प्रूफ वाचताना हीच अक्षरं आधी शोधायची. मजकूर पक्का झाल्यावर अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची नुसत्या आकारांत चित्रं करून, पीडीएफ द्यायची, म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण मूळ फाइल वेगळी ठेवा, कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये फोन नंबर बदलता येत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका. १६०० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयला ५.३ इंच होतो, पानभर ताणला तर फुटणारच. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला फोटो आकार राखतो.

काळ्या रंगाची चूक मात्र इथे पकडली गेली नाही, आणि ती पकडणं प्रेसचं काम होतं. आरजीबीतला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा, काळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, नेला की तो चारही रंगांत विखुरतो. मोठ्या मथळ्याला ते चालतं. नऊ पॉइंटच्या मजकुरात एखादी प्लेट केसभर सरकली की वेलांटीच्या आणि अनुस्वाराच्या कडेला गुलाबी झाक येते. माहितीपत्रकाच्या पाचव्या पृष्ठावर ती आहे. बारीक मजकूर फक्त के १०० वर (नुसत्या काळ्या शाईत) आणि ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच छापलेला) ठेवायचा. मोठा काळा पट्टा असेल तर उलट नुसत्या के वर तो राखाडी दिसतो, तिथे सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० जोडायचा.

हंगामाचाही विचार करा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पत्रिकांची गर्दी आणि जळगाव-भुसावळचं ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, दोन्ही एकाच वेळी येतात. छपाईच्या खोलीत हवेतला ओलावा ५०-५५ टक्के असावा लागतो. कोरड्या हवेत उघड्या रिमच्या कडा आधी सुकून आखडतात, मधला कागद सैल राहतो, आणि ग्रिपरच्या विरुद्ध टोकाच्या कोपऱ्यांत रजिस्ट्रेशन सुटतं. इथे रिम छपाईच्या वेळेपर्यंत वेष्टनात ठेवतात, हे चांगलं. पण कूलरचा झोत थेट थप्पीवर सोडलेला होता. त्याने कडा ओल्या होऊन लाटा येतात, म्हणजे तोच दोष उलट बाजूने. स्क्रीन प्रिंटिंगला याच उन्हात वेगळी अडचण: शाई जाळीतच सुकते आणि बारीक काने-मात्रा तुटक येतात. शाईत रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घालून आणि मध्येमध्ये जाळी पुसून ते आवरतं.

पत्रिकेचं फॉइल नीट बसलंय, फक्त "॥ श्री गणेशाय नमः ॥" फार नाजूक फॉन्टमध्ये लावल्याने "णे" आणि "शा" भरलेत. तापलेल्या ठशाखाली ०.३ मिमीपेक्षा बारीक रेघ आणि तेवढीच बारीक फट टिकत नाही. जाड फॉन्ट सुचवायला हवा होता.

बाइंडिंगमध्ये प्रेस घसरतो. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीला २५० जीएसएम आर्ट कार्डचं मॅट लॅमिनेशन केलेलं कव्हर घेतलं, त्याला क्रीझिंग (घडीच्या जागी आधी दाबून रेघ पाडणं) न करताच घडी मारली. शिवाय कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) घडीला आडवा गेला होता. परिणामी घडीवर पांढरी भेग. १७० च्या पुढच्या कागदाला घडीआधी क्रीझ हवीच, आणि ग्रेन घडीला समांतर हवा. हे शीट कापायच्या आधी ठरतं, नंतर उपाय नाही. गडद निळ्या भागावर लॅमिनेशनखाली चांदीसारखे बारीक ठिपकेही आहेत. छपाईनंतर शाई एकमेकांना लागू नये म्हणून मारलेली पावडर न झटकता फिल्म चढवली की असं होतं. एक दिवस सुकू देऊन, शीट पुसून मग लॅमिनेशन करायचं. घाईच्या कामात नेमका हाच दिवस कापला जातो.

बिलबुकाबद्दल तक्रार नाही. मालाच्या जीएसटी बिलाला तीन प्रती लागतात: मूळ खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विक्रेत्याकडे. एनसीआर कागदात (कार्बनशिवाय खालच्या प्रतीवर उमटणाऱ्या) वरचा सीबी (लेप पाठीला), मधला सीएफबी (दोन्ही बाजूंना), खालचा सीएफ (पुढच्या बाजूला) असा क्रम असतो. मधला उलटा लागला तर खालच्या दोन्ही प्रतींवर काहीच उमटत नाही. ताब्यात घेताना कुठल्याही पुस्तकाच्या मधल्या सेटवर बॉलपेनने एक ओळ लिहून बघा. ५० सेटच्या पुस्तकात पहिल्या दोन प्रतींना परफोरेशन (फाडण्यासाठी छिद्रांची रेघ) आणि तिसरी पुस्तकात राहणारी, हे इथे न सांगता केलं होतं. नंबरिंगही सलग आहे.

२००-३०० प्रती हव्या असतील तर इकडे येऊ नका. आठ प्लेटचा खर्च तीनशे प्रतींना तेवढाच आणि हजारालाही तेवढाच. त्यापेक्षा डिजिटलवर काढा. हजाराच्या पुढचं, मोठ्या फोटोंचं, साध्या कव्हरचं काम असेल तर हा प्रेस घ्या; लॅमिनेशन आणि क्रीझिंग असलेलं कव्हर सध्यातरी छापून घेऊन बाहेर फिनिशिंगला द्या.