मंजूर नकाशात नसलेली 'किड्स रूम'

बिल्डरच्या सेल्स ऑफिसात शिरल्या शिरल्या एक फॉर्म भरायला देतात. नाव, फोन, बजेट, कर्ज लागणार का, इथवर समजू शकतं. आमच्या फॉर्मवर 'कुटुंबात नजीकच्या काळात वाढ अपेक्षित आहे का' असाही रकाना होता. नवऱ्याने 'हो'वर खूण केली आणि पुढचं सगळं बोलणं त्या 'हो'भोवती फिरलं.

"ताई, बाळ झाल्यावर आई येतील ना तुमच्याकडे? मग एका बेडरूममध्ये कसं भागणार?" सेल्सची मुलगी गोड होती. नवऱ्याला दादा, मला ताई. तिने किंमत आधी सांगितलीच नाही, सरळ सँपल फ्लॅटमध्ये नेलं. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, आणि बेडरूमला लागून एक छोटी खोली. भिंतीवर ढग रंगवलेले, खिडकीशी पुस्तकांची फळी, बुटका पलंग. "ही किड्स रूम." वन बीएचकेपेक्षा थोडे जास्त पैसे टाकले की दोन खोल्यांचं घर, असा एकूण सूर.

सँपल फ्लॅट हा प्रकार मुळात नीट समजून घ्यायला हवा. त्यात बहुतेकदा दारं नसतात, कारण उघडलेलं दार किती जागा खातं ते दिसू नये. पलंग नेहमीच्या मापापेक्षा आखूड बनवून घेतलेले असतात, एखाद्या भिंतीवर मोठा आरसा असतो, कपाटांची खोली कमी असते. हे सगळं खपवून घेता येईल. आमच्या बाबतीतली लबाडी याहून मोठी होती. ती खोली मंजूर नकाशात खोली म्हणून नव्हतीच. तिथे बाल्कनी होती. सँपल फ्लॅटमध्ये कठडा काढून भिंत आणि खिडकी बसवली होती, इतकंच.

हा खेळ चालतो तो क्षेत्रफळाच्या आकड्यावर. रेरा कायद्यात, म्हणजे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये, कार्पेट क्षेत्राची, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्या स्पष्ट आहे. घरातल्या आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र वापराची बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. आम्हाला दिलेल्या कोटेशनवर मात्र 'टोटल युजेबल कार्पेट' असा आकडा होता. बाल्कनी त्यात मिळवलेली. कायद्यात अशी संज्ञा नाही. तरी कागदावर 'कार्पेट' दिसलं की मन निश्चिंत होतं, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं.

महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडलं की इमारतनिहाय तक्ता दिसतो: कोणत्या प्रकारचे किती फ्लॅट, प्रत्येकाचं कार्पेट किती, किती बुक झाले. आमच्या विंगमध्ये झाडून सगळे वन बीएचके होते. आम्ही विचारलं तर उत्तर तयार होतं. "ते जुनं आहे हो दादा, रिव्हाइज्ड प्लॅन अपलोड व्हायचाय." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते कुठल्याही प्रकल्पात, कुठल्याही प्रश्नावर चालतं. कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर नकाशात बिल्डरला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. तुमच्या स्वतःच्या फ्लॅटमधल्या बदलाला तुमची आधी संमती लागते, इमारतीच्या किंवा सामायिक जागांच्या बदलाला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. मंजूर न झालेला नकाशा हा नकाशा नसतोच. त्यावर बोट ठेवून घर विकणाऱ्याला नियोजन प्राधिकरणाचा शिक्का दाखवायला सांगा, संभाषण तिथेच आटोपतं.

मुलांच्या नावाने आणखी दोन गोष्टी विकल्या गेल्या. पहिली शाळा. ब्रोशरमध्ये प्रकल्पाला लागून 'प्रस्तावित शाळा' होती, पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलांच्या फोटोसकट. प्रत्यक्षात तो विकास आराखड्यातला आरक्षित भूखंड. आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. ती कोण बांधणार, कधी बांधणार, याचं बंधन बिल्डरवर नसतं. शिवाय महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरल्या मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. न जन्मलेल्या मुलाला तिथे पहिलीत घालायचं म्हणजे जरा धाडसच.

दुसरी गोष्ट ताब्याची तारीख. ही मला खोलीच्या लबाडीइतकीच गंभीर वाटते आणि तिच्याबद्दल लोक कमी बोलतात. तोंडी सांगितली जाणारी तारीख आणि महारेराकडे नोंदवलेली प्रकल्पपूर्तीची तारीख यांत आमच्या प्रकल्पात बराच फरक होता. "बाळाचं पहिलं पाऊल नव्या घरात पडेल बघा," असं ती मुलगी म्हणायची. पण उशीर झाल्यावर रेराच्या कलम १८ खाली व्याज मागताना मोजली जाते ती करारातली तारीख. पाऊल बिल्डर मोजत नाही. नोंदवलेली तारीख धरून हिशोब मांडला, तर बाळ होण्याच्या काळात भाडंही चालू आणि कर्जाचं व्याजही चालू, असं चित्र निघत होतं. दोन पगार धरून काढलेली कर्जाची पात्रता तेव्हा कामाची नसते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण त्यापुढे बिनपगारी रजा लागली तर बँक काही हप्ता थांबवत नाही. सेल्स ऑफिसच्या एक्सेल शीटमध्ये हा रकाना नव्हता. कुटुंबात वाढ होणार आहे हे मात्र त्यांना फॉर्मवर हवं होतं.

बिंग फुटलं ते बँकेमुळे. आमच्या कर्जासाठी बँकेच्या पॅनेलवरच्या मूल्यांकनकर्त्याने तांत्रिक अहवाल दिला, त्यात स्वच्छ लिहिलं होतं: वन बीएचके, एक बाल्कनी. मूल्यही त्याच हिशोबाने, त्यामुळे कर्ज अपेक्षेपेक्षा कमी मंजूर झालं. सेल्स ऑफिसमधून सल्ला आला की बँक बदला, 'आमच्या ओळखीची' आहे. मी मूल्यांकनकर्त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, बंद केलेली बाल्कनी म्हणजे अनधिकृत बांधकाम. उद्या महापालिकेने नोटीस दिली तर ती तुम्हाला येईल, त्यांना नाही."

तोवर बिल्डरने आमच्याकडून किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेतले होते. रेराच्या कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा त्यांनी कशी चुकवली, तर काही रक्कम 'बुकिंग', काही 'क्लब मेंबरशिप', काही 'इन्फ्रास्ट्रक्चर' अशा वेगवेगळ्या पावत्यांवर घेतली. पावत्या एकत्र ठेवून बेरीज केल्याशिवाय हे दिसत नाही.

बुकिंग रद्द करतो म्हटल्यावर ताई-दादा संपलं. वेगळाच माणूस पुढे आला, त्याने अर्जामागच्या बारीक अक्षरांतली, भरलेले पैसे जप्त करण्याची अट वाचून दाखवली. तेव्हा आम्ही महारेराने ठरवून दिलेला वाटपपत्राचा (अलॉटमेंट लेटरचा) नमुना काढला. त्यात १५ दिवसांच्या आत रद्द केल्यास कपात शून्य आहे आणि ६१ दिवस उलटल्यानंतरही ती किमतीच्या २ टक्क्यांच्या वर जात नाही. आमचा मुद्दा तर त्याच्याही पुढचा होता. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट बघून पैसे दिले आणि ती माहिती खोटी निघाली, तर कलम १२ खाली पूर्ण रक्कम व्याजासह आणि भरपाईसह परत मागता येते. 'नमुना फ्लॅट' हा उल्लेख कायद्यात थेट आहे. वकिलाच्या नोटिशीत हे कलम आल्यावर त्या माणसाचा आवाज बदलला.

प्रकरण महारेराच्या सलोखा मंचाकडे गेलं. तिथे ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डर संघटनेचा एक असे दोघे समोर बसतात, दोन्ही बाजू तयार असतील तरच पुढे जाता येतं. मूळ रक्कम हप्त्यांनी परत मिळाली. व्याजावर पाणी सोडावं लागलं, कारण मी तेव्हा सातव्या महिन्यात होते आणि सुनावण्यांची वाट बघायची ताकद नव्हती. न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. समझोत्याच्या मसुद्यात 'प्रकल्पाविषयी कुठेही काही लिहिणार-बोलणार नाही' अशी एक ओळ घुसडली होती, ती आम्ही खोडायला लावली.

आमची बाजू टिकली ती कागदांमुळे: सेल्सच्या मुलीचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप, 'किड्स रूम' असं छापलेलं ब्रोशर, सँपल फ्लॅटचे फोटो, कोटेशनची पीडीएफ, सगळ्या पावत्या. तोंडी जे सांगितलं ते आम्ही घरी आल्यावर "आज तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना?" असं मेसेज करून विचारायचो आणि समोरून "येस ताई" यायचं. ती 'येस ताई' पुढे फार कामाला आली. त्याच विंगमधल्या आणखी एका जोडप्याने करार नोंदवून टाकला होता. त्यांची तक्रार अजून महारेरासमोर आहे आणि आमचे निरोप त्यांनी पुरावा म्हणून जोडले आहेत.