नेक्सॉन ईव्ही ४५ : शोरूमच्या आधी पार्किंगमधली भिंत बघा

टाटाच्या नेक्सॉन ईव्हीची ४५ किलोवॅट-अवर (म्हणजे ४५ युनिट) बॅटरीची आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आली. पेट्रोल सोडून विजेवर जावं की नाही, या घोळात पडलेली आपल्याकडची पुष्कळ माणसं हीच गाडी समोर ठेवून हिशोब करतात. चार मीटरच्या आत लांबी, ३५० लिटरची डिकी, भारत एनकॅप या धडक-चाचणीचे पाच तारे आणि १०६ किलोवॅटची मोटर. गाडी म्हणून ती चांगली आहे, यात वाद नाही. पण ती घ्यायची की नाही हे गाडी ठरवत नाही, तुमच्या पार्किंगमधला सॉकेट ठरवतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

रोज संध्याकाळी गाडी जिथे उभी राहते तिथे स्वतःचा वीजपुरवठा मिळणार असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे. रस्त्यावर गाडी लावणारे, स्टॅक पार्किंगवाले (एकावर एक गाड्या ठेवणारे) किंवा भाड्याच्या घरात दर वर्षी जागा बदलणारे यांनी सध्या थांबावं. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर ही गाडी चालवता येते. पण मग आठवड्यातून एक-दोनदा तास-दीड तास चार्जरपाशी जातो आणि बचतही तिसऱ्या हिश्शाने घटते.

शोरूममध्ये ७.२ किलोवॅटच्या वॉल चार्जरचं फार कौतुक ऐकायला मिळतं. बहुतेकांना त्याची गरज नसते. गाडीसोबत येणारी १५ अँपिअरची केबल साधारण ३ किलोवॅटने भरते. रात्री नऊला लावली आणि सकाळी सातला काढली, तर बॅटरीत २७ युनिटच्या आसपास जातात, म्हणजे शहरातले सुमारे १८० किलोमीटर. रोजचं येणं-जाणं ५०-६० किलोमीटर असेल तर हे पुरून उरतं. वॉल चार्जरने १० टक्क्यांवरून पूर्ण भरायला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. तो घ्यायचा तर ३२ अँपिअर सतत ओढले जाणार हे लक्षात ठेवून घराचा मंजूर भार वाढवावा लागतो. एसी आणि गीझर धरले तर बऱ्याच घरांना थ्री-फेज घ्यावा लागतो.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडतात. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतचं अंतर फेऱ्यांसकट मोजा, कारण ते वाटतं त्याच्या दीडपट तरी निघतं. १५ अँपिअरसाठी तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची तार हवी. वायरमन अडीचची सुचवेल, कारण घरातल्या एसीला तीच चालते. पण एसीचा कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो, गाडी दहा तास न थांबता ओढते. ३२ अँपिअरच्या चार्जरला ५० मीटरवर ६ स्क्वेअर एमएमची तार घातली तर वाटेतच सुमारे १० व्होल्ट पडतात, १० स्क्वेअर एमएममध्ये ६. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइन मुळातच २१० व्होल्टवर आलेली असेल, तर हे चार व्होल्टही महत्त्वाचे. दोन पोलचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की तोडणारी) या सर्किटला स्वतंत्र हवी. सॉकेट चांगल्या प्रतीचा १६ अँपिअरचा घ्या. हॉलमध्ये बसवतो तसला नाजूक मॉड्युलर सॉकेट काही महिन्यांत पिवळा पडतो, मग वितळतो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लग हाताला लावून बघा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर बंद करा. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको.

आणि अर्थिंग. चार्जरचा लाल दिवा लागतो, गाडी भरत नाही, सर्व्हिस सेंटरला फोन जातो, आणि दोष निघतो इमारतीच्या अर्थिंगमध्ये. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टमीटर लावल्यावर दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर आधी ते दुरुस्त करून घ्या. जुन्या इमारतींत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यामुळे जानेवारीत नीट भरणारी गाडी मेमध्ये हट्ट करू लागते. खड्ड्यात पाणी सोडणं हा तात्पुरता उपाय झाला. न्यूट्रलचा सैल जोड हेही तितकंच नेहमीचं कारण, तोही तपासून घ्या.

सोसायटीत राहत असाल तर गाडी बुक करण्याआधी कमिटीचं पत्र हातात घ्या. तोंडी होकारावर केबल ओढू नका. तार कुठून जाणार, मीटर कोणाचं आणि उद्या दहा गाड्या झाल्या तर मुख्य केबलला ते झेपेल का, हे तीन प्रश्न कमिटी विचारणारच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर असेल तर बैठक लवकर संपते. महावितरणच्या दरपत्रकात ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे. सोसायटीने त्यावर एक जोडणी घेऊन प्रत्येकाला सबमीटर दिला, तर पुढची भांडणं वाचतात.

मीटर घरचंच वापरणार असाल तर बिलाचे टप्पे नीट बघा. घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी ही गाडी मीटरवर साधारण १६० युनिट टाकते. भरताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते, ती यात धरली आहे. घरचा वापर १२० युनिट असेल तर गाडी दुसऱ्याच टप्प्यात बसते. घरचा वापर आधीच ३५० असेल तर गाडीचं जवळजवळ प्रत्येक युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने पडतं. म्हणून बिलाची सरासरी काढून चालत नाही, तुमच्या शेवटच्या युनिटचा दर वहन आकार आणि वीज शुल्क धरून काढा. स्वतःचं छप्पर असलेल्यांची गोष्टच निराळी. ३ किलोवॅटचं सौर पॅनेल महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिटच्या आसपास देतं आणि पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. सांगली, नाशिकच्या बंगल्यात राहणाऱ्याला या गाडीचा जेवढा फायदा, तेवढा कोथरूडच्या आठव्या मजल्यावरच्याला नाही.

आता पैसे. सारख्या सोयींच्या पेट्रोल नेक्सॉनचं आणि हिचं ऑन-रोड कोटेशन एकाच दिवशी घ्या, कारण जुने फरक आता लागू नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, ईव्हीचा ५ टक्केच राहिला. म्हणजे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि ईव्हीची शोरूम किंमत तिच्या तुलनेत महाग दिसू लागली. याच्या उलट बाजूला महाराष्ट्राचा रस्ता कर आहे. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर तो १२ टक्के, ईव्हीवर माफ. बारा लाखांच्या गाडीला हे एक लाख ४४ हजार होतात.

समजा सगळं धरून फरक तीन लाखांचा निघाला. पेट्रोल नेक्सॉन शहरात लिटरला १३ देते. १०४ रुपयांच्या पेट्रोलने किलोमीटरला आठ रुपये. ईव्ही मीटरवरच्या एका युनिटला सहा-सव्वासहा किलोमीटर जाते. १२ रुपयांचं युनिट धरलं तर किलोमीटरला दोन रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे वर्षाला ७२ हजार वाचतात आणि फरक चार वर्षांच्या थोडा पुढे वसूल होतो. दीड हजार चालवणाऱ्याचा तीन वर्षांच्या आतच. चारशे चालवणाऱ्याला दहा वर्षं लागतील, त्याने पैशासाठी ही गाडी घेऊ नये. सीएनजी वापरणाऱ्याने पेट्रोलशी तुलना करून स्वतःला फसवू नये. त्याचा खर्च किलोमीटरला पाचच्या आसपास असतो, त्यामुळे बचत निम्मीच.

विम्यात एक गंमत आहे. ईव्हीला थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सवलत, असं सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण हप्ता मोटरच्या ताकदीवर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात ६५ किलोवॅटच्या वरच्या ईव्हीला वर्षाला ६,७१२ रुपये लागतात, तर १००० ते १५०० सीसीच्या पेट्रोल गाडीला ३,४१६. नेक्सॉन ईव्ही वरच्या गटात जाते, म्हणजे सवलत मिळूनही हप्ता जवळपास दुप्पट. कर्जाच्या व्याजावर आयकराच्या कलम ८०ईईबीची करसवलत मिळेल असं कोणी सांगितलं, तर ते ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी होतं हे त्याला आठवण करून द्या. टोलमाफी मात्र खरी आहे. अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी या तिन्हींवर चारचाकी ईव्हीला टोल नाही. अटल सेतूच्या एका फेरीचे २५० रुपये रोज भरणाऱ्याला हे एकच कारण पुरेसं ठरू शकतं.

रस्त्यावर ती किती जाते? कागदावर ४८९ किलोमीटर. टाटाचाच रोजच्या वापराचा दावा ३५० ते ३७५ आहे आणि शहरात हलक्या पायाने तो बराचसा खरा ठरतो. चार माणसं, एसी आणि ९०-१०० चा वेग असेल तर पूर्ण बॅटरीवर २७० ते २९० धरा. १५ टक्के शिल्लक ठेवून गणित करा, म्हणजे २४०. डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा मागच्या चालवण्यावरून अंदाज करतो. शहरातून निघालेल्याला तो हायवेवर हमखास गंडवतो. त्यापेक्षा टक्के बघा. हायवेला एक टक्का म्हणजे पावणेतीन किलोमीटर, हा हिशोब सहसा चुकत नाही. पुणे-कोल्हापूर २३० किलोमीटर एका दमात होतं, पण जेमतेम. वाटेत कऱ्हाडला चहाला थांबणार असालच तर पंधरा मिनिटं चार्जरची गन लावा, डोक्याला ताप नको.

घाटाची भीती अनेकांना वाटते ती थोडी जास्तच. खोपोलीहून लोणावळ्याला साडेपाचशे मीटर चढायला माणसांनी भरलेल्या गाडीला सपाट रस्त्यापेक्षा अडीच-तीन युनिट जास्त लागतात, म्हणजे सहा-सात टक्के. उतरताना त्यातला निम्म्याहून जास्त भाग परत मिळतो. स्टीअरिंगमागच्या पॅडलने रीजनरेशन (वेग कमी होताना वीज परत बॅटरीत भरणं) तीनवर ठेवलं तर ब्रेकला फारसा हात (खरं तर पाय) लावावा लागत नाही. मात्र बॅटरी शंभर टक्के भरून लगेच उताराला लागलात तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि गाडी अचानक मोकळी धावल्यासारखी वाटते. लोणावळ्यात मुक्काम असेल तर ९० टक्क्यांवरच थांबा.

हायवे चार्जिंग हा या सगळ्यातला कच्चा दुवा. गाडी ६० किलोवॅटपर्यंत ओढते, १० ते ८० टक्के ४० मिनिटांत. पण बरेच चार्जर ३० किलोवॅटचे आहेत, तिथे तेच काम तासाभराच्या वर जातं. पाटीवर ६० लिहिलेल्या चार्जरलाही दोन गन असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की अनेक ठिकाणी वीज दोघांत वाटली जाते. दर युनिटला १८ ते २५ रुपये, त्यामुळे खर्च किलोमीटरला चारच्या आसपास. ८० टक्क्यांनंतर वेग पडतो, तेव्हा तिथे बसून राहू नका, मागच्याला जागा द्या. तीन-चार कंपन्यांची अॅप्स घरीच डाऊनलोड करून त्यांत पैसे भरून ठेवा, घाटात नेटवर्क नसताना ओटीपी येत नाही. चार्जर चालू आहे की नाही, हे अॅपवरच्या हिरव्या खुणेवरून ठरवू नका, शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. दिवाळी आणि लाँग वीकेंडला रांग धरूनच वेळ ठरवा. कोकणात उतरणार असाल तर मुक्कामाच्या घरी पार्किंगजवळ १५ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारा.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची आहे. ती टिकाऊ, पण तिचा व्होल्टेज भरताना-उतरताना फारसा बदलत नाही, त्यामुळे किती वीज शिल्लक आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा २० टक्क्यांच्या खाली आल्यावर घरच्या संथ चार्जरने शंभरपर्यंत भरा आणि मध्ये थांबवू नका. नुसत्या फास्ट चार्जिंगवर चालणाऱ्या गाड्यांत १५ टक्क्यांवरून एकदम पाचवर आल्याच्या तक्रारी येतात, त्यामागे बहुधा हेच असतं. गाडी रस्त्यात बंद पडते तीही बऱ्याचदा मोठ्या बॅटरीमुळे नव्हे, १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीमुळे. ती मेली की दारंसुद्धा नीट उघडत नाहीत. तीन वर्षं झाली की तिची तपासणी करून घ्या.

बाकी उणिवा किरकोळ, पण रोजच्या. एसीची बटणं टच पॅनेलवर असल्याने चालवताना नजर खाली जाते. स्क्रीन अधूनमधून अडकते, आणि सर्व्हिस सेंटरला ईव्हीचं काम येणारी माणसं मोजकी असल्याने सॉफ्टवेअरच्या कामाला एखादा दिवस जास्त धरावा लागतो. २१५ न्यूटन-मीटरचा जोर पुढच्या चाकांवर एकदम येतो, स्पोर्ट मोडमध्ये ओल्या रस्त्यावर ती फिरतात आणि टायर लवकर झिजतात. बॅटरीमुळे मागची जमीन उंच झाली आहे, त्यामुळे मांड्यांना आधार कमी मिळतो. टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मागे बसवून निदान अर्धा तास फिरवा.