फेलोशिप स्वतःची की प्रकल्पातली? जैववैद्यकीय पीएचडीला रुजू होण्याआधी

जीवशास्त्रात एम.एस्सी. झालंय, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) हातात आहे, आणि एका प्रयोगशाळेतून ‘आमच्या प्रकल्पात जागा आहे, लगेच या’ असा निरोपही आलाय. अशा वेळी बहुतेक जण आधी महिन्याचा आकडा बघतात. नेमका तिथेच फरक नाही. १ जानेवारी २०२३पासून जेआरएफला दरमहा ३७,००० आणि त्यापुढच्या टप्प्याला, म्हणजे एसआरएफला (सीनिअर रिसर्च फेलोशिप), ४२,००० रुपये हा दर आहे. फेलोशिप सीएसआयआर, यूजीसी, जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर, इन्स्पायर अशा केंद्राच्या संस्था-योजनांची असो किंवा केंद्राच्या निधीवरच्या प्रकल्पातली, सगळीकडे हाच. खरा प्रश्न पैसा तुमच्या नावावर येतो की मार्गदर्शकांच्या प्रकल्पाच्या, हा आहे.

स्वतःची फेलोशिप साधारण पाच वर्षांची: दोन वर्षं जेआरएफ, मग मूल्यमापन होऊन एसआरएफ. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा, आणि तुम्ही पहिल्या दिवशी रुजू होता असंही नाही. जाहिरात, मुलाखत, नेमणूक यात सुरुवातीचे काही महिने गेलेले असतात. पुढे मानवी नमुने लागणार असतील तर एथिक्स कमिटी, उंदीर लागणार असतील तर प्राणी नीतिमत्ता समिती, विषाणू किंवा जनुकबदल केलेल्या पेशी असतील तर बायोसेफ्टी समिती. या बैठका दर महिन्याला होत नाहीत; एका शेऱ्यावरून प्रस्ताव परत आला की पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागतं. तिकडे विद्यापीठाची नोंदणी आणि कोर्सवर्क, यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिट). प्रकल्पाची मुदत या सगळ्यासाठी थांबत नाही. निष्कर्ष हाती यायला लागतात तेव्हाच पगार बंद होतो. जैववैद्यकीय संशोधनात हे फार होतं, कारण प्राण्यांवरचा एक प्रयोग पुन्हा करायचा तरी महिने जातात.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: स्वतःची फेलोशिप असेल तर तीच घेऊन प्रयोगशाळेत जा, विषय मार्गदर्शकांच्या प्रकल्पाशी जोडलेला असला तरीही. प्रकल्पाचे तुमच्या पगाराचे पैसे वाचतात, ते मंजुरी घेऊन अभिकर्मकांवर (प्रयोगाच्या रसायनांवर) खर्च करता येऊ शकतात. आणि मार्गदर्शक बदलायची वेळ आलीच, तर ना-हरकत पत्रं आणि संबंधित यंत्रणेची मंजुरी घेऊन फेलोशिप सोबत नेता येते. प्रकल्पातली जागा मात्र प्रकल्पातच राहते.

प्रकल्प घ्यायचाच असेल, तर मंजुरीचं पत्र बघायला मागा. यात संकोच नको. सुरुवातीची तारीख कोणती, महिने किती उरलेत, मनुष्यबळाच्या तरतुदीत नवा दर आणि घरभाडं धरलंय का, हे त्यात कळतं. २०२३च्या आधी मंजूर झालेल्या प्रकल्पांत जेआरएफचा दर ३१,००० होता. वाढीव रकमेची तरतूद झाली नाही तर फरक अडकून पडतो.

घरभाडं हलक्यात घेऊ नका. वसतिगृह मिळालं तर ते नाही. बाहेर राहिलात तर फेलोशिपची रक्कम मूळ वेतन धरून केंद्राच्या दराने मिळतं. ३०, २०, १० टक्क्यांच्या दराने मुंबई-पुण्यात महिना ११,१००, नागपूर-नाशिकसारख्या शहरांत ७,४००, लहान गावात ३,७००.

स्वतःच्या फेलोशिपांमध्ये आपसात फरक कमी. आकस्मिक खर्चाला जैवतंत्रज्ञान विभागाचे वर्षाला ३०,००० आणि सीएसआयआरचे २०,०००, पण आयात केलेल्या एका अँटीबॉडीतही ते संपू शकतात. त्यावरून निवड करू नये. जैवतंत्रज्ञान विभागाच्या बीईटी या फेलोशिपच्या निवड परीक्षेत मात्र श्रेणी नीट वाचा. पहिल्या श्रेणीत फेलोशिप तुमची स्वतःची. दुसऱ्या श्रेणीत तुम्ही त्या विभागाच्या प्रकल्पांत जेआरएफ म्हणून पात्र ठरता, तेही प्रकल्प असेपर्यंत. यादीत नाव दिसलं या आनंदात हा फरक अनेकांच्या नजरेतून सुटतो.

पंतप्रधान संशोधन फेलोशिपची रक्कम मोठी: ७०,००० पासून ८०,००० पर्यंत, शिवाय वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान. पण ती आयआयटी, आयसरसारख्या ठरावीक संस्थांतच, आणि शिकवण्याची जबाबदारीही येते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांचा आधार पीएचडी नोंदणीनंतरचा. एका वेळी दोन फेलोशिपा घेता येत नाहीत. घेतल्या तर वसुली होते.

सर्वांत जास्त घोळ एसआरएफच्या वेळी होतो. दोन वर्षं संपायच्या आत पीएचडी नोंदणीचं पत्र हातात हवं आणि बाहेरच्या तज्ज्ञासह तीन जणांच्या समितीपुढे कामाचं सादरीकरण व्हायला हवं. प्रयोगशाळा एका संस्थेत आणि नोंदणी दुसऱ्या विद्यापीठात असेल तर हे पत्र हमखास रेंगाळतं. त्यामुळे एकविसाव्या-बाविसाव्या महिन्यातच बाहेरच्या तज्ज्ञांची तारीख घ्या.

जेआरएफ नाही, फक्त गेट (अभियांत्रिकी-विज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा) आहे? मग प्रकल्प हाच रास्त मार्ग. फक्त किमान दोन वर्षं शिल्लक असलेला निवडा, त्यावर पीएचडी नोंदणी करता येईल हे लेखी घ्या, आणि दरम्यान जेआरएफची परीक्षा देत राहा. जेआरएफ मिळालेली असूनही काही महिन्यांसाठी प्रकल्पात जायचं असेल, तर रुजू होण्याआधी निवडपत्रावरची वैधतेची तारीख वाचा. ती उलटली की परीक्षा पुन्हा द्यावी लागते.