ग्लॉक १९ की टॉरस जी३सी?

अमेरिकेत पहिले ९ मिलिमीटर पिस्तूल घेताना मुख्य अडचण पैशांचीच असते. ऑस्ट्रियन ग्लॉक १९ साधारण ५०० ते ६०० डॉलरला मिळते, तर ब्राझिलियन कंपनीचे टॉरस जी३सी त्याच्या जवळपास निम्म्या किमतीत.

१९८८ पासून बाजारात असलेल्या ग्लॉकच्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या बसतात, नळी सुमारे १०२ मिलिमीटर लांब असते आणि सुटे भाग, म्यान व दुरुस्तीची माहिती जवळजवळ सर्वत्र मिळते. माझ्या मते जास्तीच्या पैशांचा खरा मोबदला हाच आहे. जी३सीमध्ये १२ गोळ्या बसतात. त्याची नळी आखूड असल्याने ते अंगावर बाळगणे सोपे जाते, शिवाय गोळी न उडाल्यास चाप पुन्हा ओढता येतो.

नवशिक्याला महत्त्वाचा वाटेल असा फरक म्हणजे जी३सीला अंगठ्याने लावायचा सुरक्षा-खटका असतो. ग्लॉकची बाह्य सुरक्षा मात्र चापातच असल्यामुळे बोट चापापासून दूर ठेवण्याची शिस्त अंगी बाणवावीच लागते.

बजेट ६०० डॉलरचेच असेल, तर मी जी३सी घेऊन उरलेली रक्कम प्रशिक्षण, सरावाच्या गोळ्या आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलूपबंद पेटीवर खर्च करण्यास सांगेन.