कोलोसियमचं तिकीट: १८ युरोंचं घ्यावं की २४ चं?

रोममध्ये कोलोसियमचं तिकीट काढलं की त्यात रोमन फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटाइन टेकडीही (सम्राटांच्या महालांची जागा) येते. तरी बहुतेक लोक हे तिकीट फक्त कोलोसियमचंच असल्यासारखं वापरतात. तिथे दीड तास जातो, मग भर दुपारी फोरममधून पाय ओढत एक चक्कर होते आणि पॅलाटाइनचा चढ दिसला की पोरं कुरकुर करतात म्हणून टेकडी राहूनच जाते. वास्तविक या तिकिटाचे निम्म्याहून जास्त पैसे फोरम आणि टेकडीवरच वसूल होतात. कोलोसियम ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध जागा, पण बघायला सगळ्यात कमी वेळ लागणारी.

तिकिटांचे मुख्य प्रकार तीन. साधं तिकीट १८ युरोंचं, मुदत २४ तास. त्यात कोलोसियमला ठरलेल्या वेळी एकदा प्रवेश आणि फोरम-पॅलाटाइनला एकदा. ‘फुल एक्स्पिरियन्स’ २४ युरोंचं, मुदत दोन दिवस. त्यात कोलोसियमचा एखादा जादा भाग मिळतो, म्हणजे रिंगणाची फळी (लाकडी जमीन), तळघर किंवा अगदी वरचे मजले. शिवाय फोरम आणि टेकडीवरच्या ‘सुपर’ म्हणवल्या जाणाऱ्या बंदिस्त जागाही उघडतात. तिसरा ‘फोरम पास सुपर’, किंमत पुन्हा १८ युरो. यात सुपर जागा आहेत, कोलोसियम नाही.

आमचं मत सरळ आहे: वरचे सहा युरो द्या. ते रिंगणासाठी नव्हे, दुसऱ्या दिवसासाठी आणि सुपर जागांसाठी. तिन्ही ठिकाणं एका दिवसात बघता येतात, पण चौथ्या तासाला डोळे थकतात आणि सगळे दगड सारखेच दिसू लागतात. तळघराची तिकिटं विक्री सुरू झाल्यावर बघता बघता संपतात. ती हुकली तर हळहळू नका. रिंगणाच्या फळीवर उभं राहिलं की खालच्या भिंतींचा चक्रव्यूह उघडाच दिसतो, कारण लाकडी जमीन आता फक्त एका टोकाला बांधलेली आहे.

बुकिंग कोलोसियमच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. तारखेच्या ३० दिवस आधी विक्री खुली होते आणि सकाळच्या वेळा आधी जातात. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून पाहतात, म्हणून पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका. घरातलं हाक मारायचं नाव किंवा अर्धवट आडनाव चालत नाही. १८ वर्षांखालच्या सगळ्यांना, कुठल्याही देशाचे असोत, प्रवेश फुकट आहे. मात्र त्यांचंही शून्य युरोचं तिकीट त्याच वेळेचं काढावं लागतं. पुष्कळजण नेमकं हेच विसरतात आणि मग आईबापांची वेळ धरलेली, मुलाची नाही, असा पेच होतो. १८ ते २५ वयोगटाची दोन युरोंची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. ती चुकून निवडली तर दारात अडवतात.

संकेतस्थळावर तिकीट नाही आणि बाहेरच्या कंपन्यांकडे मात्र दुप्पट-तिप्पट भावाने भरपूर, हे दृश्य नेहमीचं. २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने याच प्रकरणात तिकीटविक्री सांभाळणारी संस्था आणि सहल कंपन्या मिळून सुमारे दोन कोटी युरोंचा दंड ठोठावला. स्वयंचलित प्रणाली वापरून तिकिटं झटपट उचलली जात होती, हा आरोप होता. त्यामुळे निराश होऊन लगेच महागडी सहल घेऊ नका. तारीख एखाद-दोन दिवस पुढेमागे करून बघा. आणि ‘रांग टाळा’ असं ओरडत फिरणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. ते फार तर तिकिटाची रांग टाळतात, आणि ती तुम्ही घरबसल्या टाळलेलीच असते. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही. तिच्यासाठी वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. मोठी बॅग, काचेची बाटली आत चालत नाही, आणि सामान ठेवायची सोयही नाही. विमानतळावरून थेट बॅगा घेऊन येणारे इथेच फसतात.

आता आतलं. आत जाण्याआधी उत्तर बाजूच्या कमानींवर नजर टाका. त्यांच्यावर रोमन आकडे कोरलेले आहेत, २३ ते ५४. त्या काळच्या तिकिटावर असेल त्या आकड्याच्या कमानीतून प्रेक्षक आत जायचे. बाकीचे आकडे बाहेरच्या भिंतीसोबत गेले. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाजू कोसळली आणि तिचे दगड शहरभर बांधकामात लागले. उरलेल्या दगडांवर जी हजारो भोकं दिसतात ती गोळ्यांची नाहीत. दगड सांधणाऱ्या लोखंडी पकडी मध्ययुगात लोकांनी खणून काढल्या, त्यांच्या या खुणा. पूर्वेच्या टोकाला विटांचा एक तिरका आधार आहे, १८०७ च्या सुमाराचा. त्याच्यालगतच्या कमानींचे दगड खाली घसरू लागले होते, ते घसरले होते त्याच स्थितीत विटा भरून थोपवले. कोसळणं अर्ध्यावर थांबवलेलं इथे प्रत्यक्ष दिसतं, आणि आमच्या मते सबंध इमारतीत याहून बघण्याजोगं दुसरं काही नाही. गर्दी मात्र त्याकडे पाठ करून सेल्फी काढत असते.

इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने ही इमारत खुली केली तेव्हा तळघर आजच्यासारखं नव्हतं, ते त्याचा भाऊ डोमिशियन याच्या काळातलं. तिथे उचलयंत्रं होती, त्यांतून जनावरं थेट रिंगणात वर यायची. वरच्या मजल्यावरचं छोटं प्रदर्शन पंधरा मिनिटांत होतं.

कोलोसियमची वेळ दुपारी तीन-साडेतीनची घ्या आणि फोरम-पॅलाटाइन दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताक्षणी गाठा. साध्या २४ तासांच्या तिकिटातही हा क्रम बसतो, पण दुसरा दिवस त्यात दुपारपर्यंतच मिळतो. थंडीच्या दिवसांत मात्र दारं साडेचारलाच बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी, म्हणून तेव्हा कोलोसियम एकच्या सुमाराला उरका. आणखी एक अट नीट लक्षात ठेवा: फोरम आणि पॅलाटाइन मिळून एकच आवार आहे आणि आत एकदाच जाता येतं. जेवायला म्हणून बाहेर पडलात की संपलं. खाणं सोबत ठेवा. पाण्याची रिकामी बाटलीही ठेवा, आत नळ आहेत आणि पाणी पिण्याचं असतं.

शिरायचं ते सान ग्रेगोरिओ रस्त्यावरच्या दारातून. तिथे रांग सहसा कमी असते, आणि चढ सकाळच्या गारव्यात संपतो. टेकडीवरून फोरममध्ये उतरत जाणं हा योग्य क्रम; उलट केलंत तर बाराच्या उन्हात चढावं लागतं. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या घरातल्या भिंतींवरची चित्रं आणि त्याची पत्नी लिव्हिया हिचं घर ही दोन्ही सुपर जागांत मोडतात. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेतच उघडी असतात, आणि हे वेळापत्रक बदलत राहतं. तारीख पक्की करण्यापूर्वी ते बघितलं नाही तर सहा युरो गेले म्हणून समजा. टेकडीच्या उत्तर टोकाला फार्नेसे बागेचा सज्जा आहे. तिथून अख्खा फोरम पायाखाली नकाशासारखा पसरतो. दहा मिनिटं थांबून कुठलं काय ते ओळखून घ्या, कारण खाली उतरल्यावर फलक फारच अपुरे आहेत. या व्यवस्थेतली ही सगळ्यात मोठी उणीव. हजारो लोक रोज तीन खांबांसमोर उभे राहतात आणि ते कॅस्टर-पोलक्स या जुळ्या देवांच्या देवळाचे आहेत हे न कळताच पुढे सरकतात. ऑडिओ गाइड घ्या, नाहीतर आदल्या रात्री वाचून या.

फोरममध्ये काय उरलं आणि काय गेलं याचं एक सूत्र आहे: ज्याचं चर्च झालं ते वाचलं. सिनेटची इमारत, म्हणजे कुरिया, सातव्या शतकात चर्च झाली म्हणून आज छपरासकट उभी आहे. तिची मूळ काशाची दारं सतराव्या शतकात रोममधल्याच लॅटरनच्या चर्चला नेली, इथली दारं नक्कल आहेत. सम्राट अँटोनायनस आणि त्याची पत्नी फॉस्टिना यांच्या देवळाच्या खांबांवर वरच्या बाजूला तिरक्या खाचा दिसतात. दोर टाकून खांब पाडायचा प्रयत्न झाला असावा असं मानतात. त्याच्या आतल्या चर्चचं दार जमिनीपासून खूप वर लटकलेलं आहे. मध्ययुगात जमीनच तितकी वर होती, खोदकामाने ती खाली गेली.

सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या कमानीवरचा लेख वाचायला लॅटिन लागत नाही. चौथ्या ओळीकडे बघा. तिथे सेव्हरसचा धाकटा मुलगा गेटा याचं नाव होतं. थोरल्या कॅराकॅलाने भावाला मारलं आणि नावही खरवडून दुसरी अक्षरं बसवली. जुन्या काशाच्या अक्षरांची भोकं नव्या मजकुराशी जुळत नाहीत, ऊन तिरकं असलं की ते साध्या डोळ्यांनी कळतं.

सुपर जागांपैकी एकच बघायला वेळ असेल तर सांता मारिया अँटिक्वा बघा. टेकडीच्या पायथ्याचं हे चर्च ८४७ च्या भूकंपात ढिगाऱ्याखाली गेलं आणि १९०० मध्ये बाहेर आलं. एका भिंतीवर चित्रांचे थर एकावर एक चढलेले आहेत, जुन्या देवदूताच्या चेहऱ्यावर नव्या संताचा झगा अशा थाटात. गर्दी जवळपास नसतेच.

बूट चांगल्या पकडीचे हवेत. फोरममधून जाणाऱ्या प्राचीन ‘पवित्र मार्गा’चे काळे दगड उंचसखल आहेत आणि पावसात निसरडे होतात. बाबागाडी इथे अक्षरशः उचलून न्यावी लागते, झोळी बरी. व्हीलचेअरसाठी कोलोसियममध्ये लिफ्ट आहे, पण फोरमचे बरेच भाग अवघडच. फोरममध्ये सावली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अकराच्या आत तो भाग संपवा.

या तिकिटात काय नाही तेही सांगायला हवं. ट्राजनच्या बाजारपेठेतलं संग्रहालय, मामर्टाइन तुरुंग आणि नीरोचा सोनेरी महाल या तिघांची तिकिटं वेगळी. कोलोसियमशेजारची कॉन्स्टंटाइनची कमान रस्त्यावरच, फुकट.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं मोफत असतं, पण आगाऊ बुकिंग नसतं आणि रांग प्रचंड लागते. पैसे वाचवायचेच असतील तर त्यापेक्षा कॅपिटोलीन टेकडीवर, महापौरांच्या इमारतीच्या मागच्या बाजूला जा. फोरम वरून पूर्ण दिसतो. कोलोसियमसाठी मेट्रो स्थानकाच्या वरच्या रस्त्यावर चढा. डोळ्यांच्या पातळीवर दुसरा मजला येतो. आणि कोलोसियम आधी पाहून झालेल्यांनी सरळ फोरम पास सुपर घ्यावा.